फूड चेंबरसाठी टेंपरेचर-ह्युमिडिटी कंट्रोल कसा निवडायचा: आधी पाण्याचा हिशोब, मग खरेदी

चीज पिकवायचं असो, सलामी (आंबवून सुकवलेलं मांसाचं सॉसेज) सुकवायची असो, टेंपे (बुरशीने बांधलेलं सोयाबीन), कोजी (बुरशी वाढवलेला तांदूळ), ब्रेडचं पीठ, काळा लसूण (कित्येक आठवडे गरम ठेवून काळा केलेला), काहीही असो, चेंबर, म्हणजे ठरलेलं टेंपरेचर आणि ह्युमिडिटी धरून ठेवणारा बंद डबा, बनवायचा म्हटलं की लोक सगळ्यात आधी विचारतात कंट्रोलर कुठला घेऊ आणि ह्युमिडिफायर (हवेत ओल घालणारं यंत्र) कुठला घेऊ. माझं म्हणणं असं की हे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरवर यायला हवेत. पहिला प्रश्न हा की तुमच्या चेंबरमध्ये पाणी येतंय कुठून आणि जातंय कुठे. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की बरीचशी खरेदी आपोआप रद्द होते आणि जी उरते ती बरोबर होते.

हिशोब करूनच दाखवतो. समजा १५० लिटरचा जुना फ्रिज आहे आणि आत १२ अंश सेल्सिअस ठेवायचंय. १२ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण १०.७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. १५० लिटर म्हणजे ०.१५ घनमीटर, म्हणजे तुमच्या पूर्ण फ्रिजच्या हवेत १०० टक्के ह्युमिडिटीलासुद्धा फक्त १.६ ग्रॅम पाणी असतं, ७५ टक्क्यांना १.२ ग्रॅम. चहाचा चमचा ५ मिलीचा धरला तर त्याच्या पाव भागाएवढं. आता आत ५ किलो मांस लटकवलंय आणि महिनाभरात त्याचं वजन ३५ टक्क्यांनी कमी व्हायचंय, म्हणजे १७५० ग्रॅम पाणी बाहेर पडणार, दिवसाला ५८ ग्रॅम, तासाला जवळजवळ अडीच ग्रॅम. म्हणजे दर तासाला त्या मांसातून जेवढं पाणी बाहेर येतंय ते पूर्ण फ्रिजच्या हवेत असलेल्या पाण्याच्या दुप्पट आहे. अशा चेंबरला ह्युमिडिफायर लागत नाही, लागतं ते पाणी बाहेर काढणारं काहीतरी, आणि लोक नेमकं उलटं करतात कारण ते रिकामा फ्रिज चालू करून आत ४० टक्के बघतात आणि लगेच ह्युमिडिफायर मागवतात.

म्हणून रिकाम्या चेंबरच्या रीडिंगवरून काहीही विकत घेऊ नका.

आधी टार्गेट लिहून काढा

कागदावर चार गोष्टी लिहा: किती टेंपरेचर, किती ह्युमिडिटी, किती दिवस, आणि पदार्थ स्वतः काय करतो, म्हणजे पाणी सोडतो का, गरम होतो का, गॅस सोडतो का. ही चौथी गोष्ट बरेच जण लिहीतच नाहीत आणि उपकरण निवडताना तीच सगळ्यात जास्त कामाला येते.

ढोबळ आकडे असे. सुकवायची सलामी किंवा अख्खं मांस १० ते १५ अंश आणि ७० ते ८० टक्के, सुरुवातीच्या दिवसांत थोडं जास्त, नंतर हळूहळू कमी. सलामीचं आंबवणं मात्र वेगळं, ते २० ते २४ अंशांच्या आसपास आणि ९० टक्क्यांजवळ, दोन-तीन दिवसच. चीज बहुतेक १० ते १३ अंश आणि ८० ते ९५ टक्के, वरून बुरशी येणाऱ्या मऊ चीजला वरची बाजू, कडक चीजला खालची. टेंपे ३० ते ३२ अंश. कोजी साधारण २७ ते ३५ अंश आणि भरपूर दमट. ब्रेडचं पीठ २५ ते ३० अंश आणि ७५-८० टक्के. दही ४० ते ४५ अंश, झाकलेलं असल्यामुळे ह्युमिडिटीचा प्रश्नच नाही. काळा लसूण ६० ते ७५ अंश आणि ८०-९० टक्के, कित्येक आठवडे.

ही यादी नीट बघितली की दिसतं की एकाच चेंबरमध्ये सगळं जमणार नाही. १२ अंशाचा चेंबर म्हणजे थंड करणं आणि पाणी काढणं, ३० अंशाचा म्हणजे थोडी गरमी आणि हवा खेळती ठेवणं, ७० अंशाचा म्हणजे नुसता गरम डबा. गॅस भरलेल्या चालू फ्रिजमध्ये ७० अंश करायचा विचारसुद्धा करू नका, आतलं प्लॅस्टिक, फोम आणि कूलिंगची पाइपलाइन त्यासाठी बनवलेली नसते. काळ्या लसणाला झाकण घट्ट बसणारा कीप-वॉर्मवाला कुकर किंवा इन्सुलेशन केलेला धातूचा डबा सरळ आणि सोपा.

डबा कुठला

थंड चेंबरला फ्रिज हा सगळ्यात सोयीचा डबा, पण दोन जातींत मोठा फरक आहे. डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये मागची भिंत किंवा वरचा फ्रीझरचा कप्पा थंड होतो, पंखा नसतो. फ्रॉस्ट फ्रीमध्ये कॉइल, म्हणजे थंड होणारी नळ्यांची जाळी, लपलेली असते, पंखा हवा फिरवतो आणि मधूनमधून हीटर लागून बर्फ वितळतो, ते पाणी नळीतून बाहेरच्या ट्रेमध्ये जातं. फ्रॉस्ट फ्री जास्त पाणी काढतो, त्यामुळे मांस सुकवायला तो बरा पडतो पण पंख्याचा वारा जोरात असेल तर तो आडवावा लागतो. चीजला ९० टक्के हवेत तर डायरेक्ट कूल बरा. अजून एक, फ्रॉस्ट फ्रीला बाहेरच्या कंट्रोलरने सतत बंद-चालू केलं की काही मॉडेलमध्ये डीफ्रॉस्टचा टायमर गडबडतो आणि कॉइलवर बर्फाचा गठ्ठा होतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी मागचं पॅनल आणि पाण्याची नळी बघायची.

थंड करताना ह्युमिडिटी का नाचते ते इथेच समजून घ्या म्हणजे पुढे कंट्रोलरवर राग निघणार नाही. १२ अंश आणि ८० टक्के असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या टेंपरेचरला तिच्यातली वाफ थेंब व्हायला लागते तो, पावणेनऊ अंशांच्या जवळपास असतो. कंप्रेसर चालू असताना कॉइल त्याच्या कितीतरी खाली, शून्याच्याही खाली जाते, त्यामुळे हवेतलं पाणी तिच्यावर जाऊन बसतं आणि ह्युमिडिटी धाडकन पडते. कंप्रेसर बंद झाला की तेच बर्फ आणि थेंब वितळून परत हवेत येतात आणि ह्युमिडिटी वर चढते. ग्राफवर हे करवतीच्या दात्यांसारखं दिसतं आणि फ्रिजमध्ये ते असणारच. मांस किंवा चीज या दहा-पंधरा मिनिटांच्या उड्या बघत नाही, त्याला सरासरी कळते. सरासरी बरोबर असेल तर ६८ ते ८४ च्या मधले दाते सपाट करायला आणखी यंत्रं लावू नका.

पेल्टियरवाले, म्हणजे कंप्रेसरऐवजी विजेच्या चकतीने थंड करणारे, छोटे वाइन कूलर पण लोक घेतात. त्यांची थंड बाजू फार खाली जात नाही, सलग चालतात, त्यामुळे दाते लहान असतात आणि ते चीजला छान वाटतात. पण बाहेरच्या खोलीपेक्षा ते साधारण १५ ते २० अंशच खाली नेऊ शकतात, तेही रिकामे असताना, म्हणजे खोली ३५ वर गेली की आत १२ विसरा. खोली वर्षभर थंड असेल तरच घ्या.

आणि डबा घेताना विजेची परीक्षा जरूर करा: चालू करा, प्लग काढा, पाच मिनिटांनी परत लावा. आपोआप सुरू झाला तर बाहेरचा कंट्रोलर त्याला चालवू शकेल. इलेक्ट्रॉनिक पॅनलवाली काही मॉडेल वीज आल्यावर स्टँडबायमध्ये जाऊन बसतात, कुणीतरी बटण दाबायची वाट बघत, ती आपल्या कामाची नाहीत. हीच परीक्षा ह्युमिडिफायर, हीटर, डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) सगळ्यांची करायची. टच बटणवाल्यापेक्षा गोल नॉबवाला घ्या हे मी म्हणतो ते याचसाठी.

सेन्सर: पैसे इथे घाला

कंट्रोलर कितीही भारी असला तरी तो सेन्सर जे सांगेल तेच मानणार. टेंपरेचरचं सोपं आहे, साधे एनटीसी प्रोब (वायरच्या टोकाला असलेले टेंपरेचरचे सेन्सर) पुरेसे अचूक असतात आणि तपासायलाही सोपे: बारीक फोडलेला बर्फ ग्लासभर घ्या, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, प्रोब मधोमध धरा आणि रीडिंग थांबेपर्यंत थांबा. ० यायला हवं. ०.६ आलं तर कंट्रोलरमध्ये कॅलिब्रेशनला उणे ०.६ टाका, संपलं.

ह्युमिडिटीचं अवघड आहे. डीएचटी-११ नावाचा स्वस्त निळा सेन्सर ±५ टक्क्यांचा आणि ९० च्या वर त्याचा काही भरवसा नाही, तो घेऊच नका. डीएचटी-२२ कागदावर ±२ टक्के आहे पण दमट हवेत पुढे-मागे होतो. एसएचटी-३१ किंवा त्याच घराण्यातला सेन्सर असलेला कंट्रोलर किंवा लॉगर (रीडिंग नोंदवून ग्राफ दाखवणारं यंत्र) मिळाला तर तो घ्या, कारण सतत ८५-९० टक्क्यांत राहिलं की या जातीचा कुठलाही सेन्सर (कपॅसिटिव्ह) हळूहळू वर सरकतो, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त दाखवायला लागतो, आणि या घराण्यातल्या चिपमध्ये स्वतःला थोडं गरम करून तपासायची सोय असते, अर्थात ती वापरायची सोय कंट्रोलरवाल्याने दिलेली असेल तर. काटा फिरणारे गोल डायलवाले हायग्रोमीटर (ह्युमिडिटी मोजणारे) शोभेला ठीक.

तपासणी मिठाने करायची. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि सेन्सर एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात किंवा झिप पिशवीत ठेवा, सेन्सर मिठाला टेकू देऊ नका, आणि खोलीच्या स्थिर टेंपरेचरला ८ ते १२ तास सोडून द्या, रात्रभर ठेवलं तर उत्तम. बंद जागेत ओल्या मिठाच्या वर हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, २० अंशाला ७५.५, २५ अंशाला ७५.३. तुमचा सेन्सर ७९ दाखवत असेल तर तो ४ ने जास्त दाखवतोय. ही टेस्ट नवीन सेन्सर आल्या आल्या करा आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी. मांसवाल्यांसाठी तर ही अगदी त्यांच्याच पट्ट्यातली टेस्ट आहे. चीजवाल्यांना वरचा आकडा तपासायचा असेल तर पोटॅशियम क्लोराइड घ्या, ते २० अंशाला ८५ देतं.

सेन्सर कुठे लावायचा हे कुठला घ्यायचा याइतकंच महत्त्वाचं. मधल्या उंचीला, भिंतीपासून चार बोटं दूर, ह्युमिडिफायरच्या धुक्याच्या वाटेत अजिबात नाही. धुक्याचा थेंब सेन्सरवर बसला की तो सुकेपर्यंत ९९ दाखवत राहतो आणि तेवढा वेळ डीह्युमिडिफायर उगाच चालतो. व्हिनेगर, अल्कोहोल, धूर, जुन्या चीजमधला अमोनिया यांची वाफ सेन्सरच्या पडद्यात मुरते, म्हणून चेंबर पुसताना सेन्सर बाहेर काढून ठेवा. आणि टेंपे-कोजीला टेंपरेचरचा प्रोब हवेत नको, पदार्थातच खुपसा. टेंपे १२-१४ तासांनंतर स्वतः गरम व्हायला लागतो, हवा ३० दाखवत असताना आतला गठ्ठा ४० च्या वर गेलेला असू शकतो आणि तिथे बुरशी मरून नको ते जिवाणू वाढतात.

आता कंट्रोलर

दोन प्रकार धरा. एक म्हणजे पॅनलमध्ये बसवायचे उघडे मॉड्यूल, एसटीसी-१००० सारखे, ज्यात वायरिंग स्वतः करायची असते. दुसरे प्लग-अँड-प्ले, ज्यांना दोन सॉकेट असतात, एक गरम करायला एक थंड करायला, इंकबर्डचा आयटीसी-३०८ हा त्यातला सगळीकडे दिसणारा. ह्युमिडिटीसाठी तसाच दोन सॉकेटचा वेगळा कंट्रोलर येतो. वायरिंगचा अनुभव नसेल तर प्लगवाला घ्या, यात वाद घालण्यासारखं काही नाही, आत ओल असते आणि बाहेर मेन्सची वीज.

टेंपरेचर आणि ह्युमिडिटी एकाच डब्यात असलेला घ्यावा की दोन वेगळे? मी दोन वेगळे म्हणेन. ह्युमिडिटीचा सेन्सर लवकर खराब होतो, तो गेला तर टेंपरेचरचं काम तरी चालू राहतं, आणि प्रोब दोन वेगळ्या जागी लावता येतात.

विकत घेताना या गोष्टी बघाच. कंप्रेसर डिले आहे का, म्हणजे बंद झालेला कंप्रेसर किमान ३ मिनिटं परत चालू होऊ न देणं, मी ५ वर ठेवतो, कारण गॅसचा दाब समान व्हायच्या आत कंप्रेसर सुरू केला तर तो अडकतो आणि तापून जळू शकतो. डिफरन्शियल बदलता येतो का, म्हणजे १२ सेट केलं तर १३ ला चालू आणि १२ ला बंद अशी मोकळी जागा. कॅलिब्रेशन टाकता येतं का. वीज गेल्यावर सेटिंग लक्षात राहतात का. आणि रिले, म्हणजे आतला विजेचा स्विच, किती अँपिअरचा. इथे नीट बघा, वर लिहिलेले १० अँपिअर हे बल्ब-हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतात, कंप्रेसर सुरू होतानाचा करंट चालू असतानाच्या पाच-सहा पट असतो, म्हणून छोट्या घरगुती फ्रिजला चालेल पण मोठ्या कॅबिनेटला मधे कॉन्टॅक्टर (जास्त करंट सोसणारा मोठा स्विच) घाला आणि कंट्रोलरने फक्त कॉन्टॅक्टर चालवा.

पीआयडी कंट्रोलर (टार्गेट जवळ येईल तशी गरमी हळूहळू कमी करणारा) भारी म्हणून लोक घेतात. हीटरला तो खरंच छान, दह्याला किंवा काळ्या लसणाला अर्धा अंशसुद्धा हलत नाही. कंप्रेसरला मात्र कधीच नाही, तो काही सेकंदांच्या तालावर बंद-चालू करतो. आणि पीआयडीबरोबर जो एसएसआर (इलेक्ट्रॉनिक रिले) लागतो तो खराब होताना बहुतेक वेळा चालूच राहून खराब होतो, म्हणजे हीटर थांबत नाही, म्हणून हीटरच्या लाइनमध्ये वेगळा थर्मल कटऑफ (फार तापलं की वीज तोडणारा) हवाच हवा.

सेटिंग कुठून सुरू करायची? फ्रिजचा स्वतःचा नॉब सगळ्यात थंडवर, मग कंट्रोलरवर १२ आणि डिफरन्शियल १ ते १.५. ह्युमिडिटीला कमीत कमी ३ ते ५ टक्क्यांचा फरक दोन्ही बाजूंना. ह्युमिडिफायर ७० ला चालू होऊन ७५ ला बंद आणि डीह्युमिडिफायर ७६ ला चालू असं ठेवलंत तर दोघं दिवसभर एकमेकांशी भांडतात, एक पाणी घालतो दुसरा काढतो, आणि वीज-पाणी दोन्ही वाया.

पाणी घालायचं असेल तर

परत हिशोब. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर, खोलीत ठेवतो तो, तासाला ३०० मिली धुकं सोडतो असं धरू. म्हणजे सेकंदाला ०.०८ ग्रॅम. आणि १५० लिटरच्या चेंबरमध्ये १२ अंशाला ५ टक्के ह्युमिडिटी वाढवायला लागतं किती? तेही ०.०८ ग्रॅमच. एका सेकंदाचं काम! सेन्सरला कळून कंट्रोलरने बंद करेपर्यंत अर्धा मिनिट जातो आणि तोवर भिंतींवरून पाणी ओघळायला लागतं. म्हणून फ्रिजएवढ्या चेंबरला खोलीचा ह्युमिडिफायर हा फार मोठा. घ्यायचाच तर सगळ्यात छोटा घ्या, नॉब सगळ्यात कमीवर, आणि धुकं पदार्थावर न पडता फॅनच्या मागे पडेल असं ठेवा.

अल्ट्रासॉनिकमध्ये पाणी डिस्टिल्डच वापरा, निदान आरओचं. साध्या पाण्यातले क्षार धुक्याबरोबर उडतात आणि चीजवर, सेन्सरवर पांढरी पूड बसते. आणि टाकीत जे काही वाढतं तेही धुक्याबरोबर तुमच्या खाण्यावर जातं, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासून पूर्ण वाळवायची. व्हिनेगरने साफ करा किंवा ब्लीचने, पण दोन्ही एकत्र कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

त्यापेक्षा ओलं कापड किंवा वात आणि छोटा फॅन असलेला बाष्पीभवनाचा प्रकार मला जास्त पसंत आहे, कारण हवा जशी दमट होते तसं बाष्पीभवन आपोआप मंदावतं, म्हणजे ते भरकटू शकत नाही. क्षारही मागे वातीतच राहतात. वात बदलत राहायची एवढंच.

आणि मांसवाल्यांसाठी सगळ्यात साधा उपाय म्हणजे तोच मिठाचा ट्रे, मोठा, पसरट, जितकं तोंड रुंद तितकं चांगलं. ओलसर मीठ ७५ च्या वर हवेतून पाणी घेतं आणि ७५ च्या खाली पाणी सोडतं, दोन्ही बाजूंनी ओढून धरतं. फार पाणी सोडणाऱ्या भरलेल्या चेंबरला एकटा ट्रे पुरणार नाही पण कंप्रेसरच्या उड्या तो बऱ्याच दाबतो. वर पाणी साचलं की मीठ वाढवा, कोरडं पडलं की पाणी शिंपडा.

पाणी काढायचं असेल तर

भरलेल्या चेंबरची खरी गरज ही. छोटे पेल्टियर डीह्युमिडिफायर मिळतात, पण डब्यावर लिहिलेला दिवसाला अमुक मिली हा आकडा बहुतेक ३० अंश आणि ८० टक्क्यांचा असतो, १२ अंशाला त्याच्या कितीतरी कमी निघतं. शिवाय त्याची सगळी गरमी आतच राहते. सिलिका जेल चालतं पण दिवसाला ५८ ग्रॅमचा हिशोब आठवा, सतत भाजून वाळवत बसावं लागेल. कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या खाण्याच्या वर लटकवू नका, त्यातलं खारट कडू पाणी गळतं.

सगळ्यात चांगला डीह्युमिडिफायर तुमच्याकडे आधीच आहे, तो म्हणजे फ्रिजची कॉइल. अडचण इतकीच की टेंपरेचर गाठलं की कंप्रेसर थांबतो आणि पाणी काढणंही थांबतं. मग आत २५ ते ४० वॉटचा छोटा हीटर लावायचा आणि तो ह्युमिडिटी कंट्रोलरच्या डीह्युमिडिफायवाल्या सॉकेटला जोडायचा. ह्युमिडिटी वाढली की हीटर लागतो, हवा थोडी गरम होते, कंप्रेसरला परत चालावं लागतं, आणि चालताना तो पाणी काढतो. मोठ्या व्यावसायिक सुकवण्याच्या खोल्यांमध्येही तत्त्व हेच असतं, आधी थंड करून पाणी पाडायचं मग हवा परत गरम करायची. यात वीज जास्त जाते हे खरं, पण वेगळं यंत्र लागत नाही आणि १२ अंशाला हे नीट काम करतं. फक्त कॉइलचं वितळलेलं पाणी नळीतून खरंच बाहेर जातंय का ते बघा, नळी तुंबली तर तेच पाणी परत हवेत येत राहील आणि तुम्हाला वाटेल हीटरचा उपयोग होत नाही.

हीटर म्हणून उजेड देणारा बल्ब चरबी असलेल्या पदार्थाजवळ नको, प्रकाशाने चरबी लवकर खवट होते. सिरॅमिक हीटर किंवा ट्यूब हीटर घ्या. गरम चेंबरला किती वॉट? फ्रिजच्या डब्याला आत-बाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकाला दीड-दोन वॉट धरा, म्हणजे खोली १५ आणि आत ३० हवं तर ३० वॉट लागतात, ५०-६० वॉटचा हीटर भरपूर झाला. मोठा घेतला की टेंपरेचर वर उडी मारतं आणि हीटरच्या जवळचं पीठ करपतं.

वारा

एक ८० किंवा १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटर फॅन, १२ व्होल्टचा ७ किंवा ५ वर चालवलेला, तोंड भिंतीकडे. हवा हलली पाहिजे, पदार्थावर वारा लागता कामा नये. मांसावर थेट वारा लागला की बाहेरचा थर कडक होतो, आतलं पाणी अडकतं आणि बाहेरून सुकलेला तुकडा आतून सडतो, आणि हे महिनाभराने कापल्यावरच कळतं. बोटाने दाबून बघत राहा: बाहेर काठासारखं कडक आणि आत पिचपिचीत लागलं तर लगेच वारा कमी करा आणि ह्युमिडिटी ८०-८५ ला न्या.

बाहेरची ताजी हवाही थोडी लागते. चीजमधून अमोनिया निघतो, टेंपे-कोजीला ऑक्सिजन लागतो. कोजीचं काम एका बोटाएवढ्या भोकाने भागत नाही, मधूनमधून उघडून हलवावंच लागतं. चीज-मांसाला दिवसातून एकदा दार अर्धा मिनिट उघडलं तरी बहुतेक पुरतं. दार उघडल्यावर काय होतं तेही बघून ठेवा: खोली २८ अंश आणि ७० टक्के असेल तर तिथल्या एक घनमीटर हवेत १९ ग्रॅम पाणी असतं आणि आत १२ अंशाला मावतं फक्त १०.७, उरलेलं थेंब होऊन भिंतीवर, पदार्थावर बसतं. दमट दिवसात उगाच दार उघडून बघू नका, काच किंवा कॅमेरा लावा.

वीज

थोडक्यात पण टाळू नका. अर्थिंग हवंच. ३० मिलीअँपिअरचा गळती-संरक्षण ब्रेकर लावा, जो शॉक लागायच्या वेळी सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. सगळे प्लग आणि कंट्रोलर चेंबरच्या बाहेर, आत फक्त प्रोब, फॅन आणि हीटर. आत जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झोल घेऊन मग वर सॉकेटकडे न्या म्हणजे ओघळणारं पाणी झोलावरून खाली पडेल. फ्रिजच्या भिंतीला भोक पाडायच्या आधी आत गॅसची नळी कुठून गेलीय ते कळल्याशिवाय ड्रिल लावू नका, शक्य असेल तर दाराच्या रबरामधून पातळ वायर घ्या किंवा पाणी जायच्या भोकातून.

चालवून बघणं

दोन दिवस रिकामा चालवा, फक्त टेंपरेचर बघायला. मग ओले टॉवेल वजन करून आत लटकवा, पदार्थ जेवढं पाणी सोडेल अंदाजे तेवढंच, आणि दर १२ तासांनी टॉवेल परत तोला. टॉवेल मांसापेक्षा लवकर सुकतो, त्यामुळे ही जरा कडक परीक्षा आहे, पण कॉइल एका दिवसात किती ग्रॅम पाणी बाहेर काढू शकते हे तिथेच कळतं, ट्रेमध्ये जमलेलं पाणी मोजा म्हणजे दोन्ही बाजूंचा ताळा लागतो. इथपर्यंत टेंपरेचर कंट्रोलर, फॅन आणि तपासलेला सेन्सर एवढंच विकत घेतलेलं असावं. ह्युमिडिफायर लागतो की हीटर की काहीच नाही हे या टॉवेलवाल्या दिवसांनंतर ठरवा.

खाण्याच्या सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगतो. चेंबर कितीही नीट चालला तरी तो कृतीची जागा घेत नाही. ५ ते ६० अंशांच्या मधे जिवाणू वाढतात आणि सुकवायचा चेंबर बरोबर त्याच पट्ट्यात असतो, तिथे मांस टिकतं ते मोजून घातलेल्या मिठाने, नाइट्राइटने (मांस टिकवणारं क्षार) आणि आम्लतेने. आंबवलेल्या सलामीचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकी आम्लता जास्त) आंबवण्याच्या काळातच ५.३ किंवा त्याखाली गेला पाहिजे, त्यासाठी पीएच मीटर घ्या, आणि बजेट तोकडं असेल तर भारी कंट्रोलरऐवजी तो घ्या.

पदार्थ आत गेल्यावर पहिल्या आठवड्यात लॉगरचा ग्राफ रोज बघा, कंट्रोलरच्या स्क्रीनवरचा आकडा नाही. सरासरी टार्गेटच्या वर राहत असेल तर आधी पदार्थ कमी करा, मग हीटरचा उपाय. कंप्रेसर तासाला सहा-सात वेळा लागत असेल तर डिफरन्शियल वाढवा. रात्री ह्युमिडिटी वर जात असेल तर खोली थंड झाल्यामुळे कंप्रेसर कमी चालतोय, हीटर चालू व्हायचा आकडा दोन टक्क्यांनी खाली आणा. आणि एक तुकडा, लेबल लावलेला, रोज त्याच वेळी तोला: पहिल्या आठवड्यात त्याचं वजन दिवसाला दोन टक्क्यांहून जास्त पडत असेल तर सेन्सर काहीही म्हणो, हवा कोरडी आहे किंवा वारा जास्त आहे.